परक्या राज्यपद्धतीचें वाचन

अमेरिकेच्या राज्यपद्धतीविषयीं मराठींत जें लिहिलें जातें तें बहुतांशीं परीक्षार्थींच्या सोयीचें असतें. एका बाजूस त्यांचा अध्यक्ष, दुसऱ्या बाजूस आमचा पंतप्रधान. एका बाजूस सेनेट, दुसऱ्या बाजूस राज्यसभा. मध्यें एक उभी रेघ आणि खालीं साम्यभेदांचीं टिपणें. विद्यार्थी तीं पाठ करितो, परीक्षेंत उत्तीर्ण होतो, आणि अमेरिका त्याला पूर्वीइतकीच परकी राहते. सेनेटमध्यें लहानमोठ्या प्रत्येक राज्याचे दोन सभासद, आमच्या राज्यसभेंत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा एक, एवढें प्रत्येक पुस्तक सांगतें. हा भेद कोणत्या मुळांतून फुटला हें सांगण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. नांवाशेजारीं नांव मांडणें यालाच आम्ही तुलना म्हणूं लागलों आहों.

मराठींतला या विषयाचा आरंभ मात्र असा बेचव नव्हता. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केलें, तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें अमेरिकेच्या घटनेचीं कलमें नव्हतीं. येथील शूद्रातिशूद्रांची स्थिति होती. पुढें सोळा वर्षांनीं, १८८९ त, पंडिता रमाबाईंचें 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हें पुस्तक निघालें. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं रमाबाई मार्च १८८६ मध्यें फिलाडेल्फियास पोंचल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत त्या देशांत राहिल्या. परत आल्यावर मुंबईंत शारदासदन उघडण्याच्या धांदलींतच त्यांनीं हें पुस्तक मराठी वाचकांच्या हातीं दिलें. आदल्याच वर्षीं जेम्स ब्राइस यांचा अमेरिकन राज्यव्यवस्थेवरील प्रचंड ग्रंथ इंग्रजींत प्रसिद्ध झाला होता. ब्राइससाहेबांनीं पक्षयंत्रांची आणि शहरांच्या कारभारांतील घाणीची जी चिकित्सा केली, तिच्या खोलीची अपेक्षा रमाबाईंकडून करणें अन्यायाचें होईल. ब्राइस स्वतंत्र राष्ट्राच्या पार्लमेंटाचे सभासद होते. रमाबाई मताधिकार नसलेल्या प्रजेपैकीं होत्या, आणि त्यांतहि विधवा स्त्री.

या पुस्तकांतील शासनपद्धतीचें प्रकरण स्वच्छ आहे, पण आमच्या मतें तें पुस्तकांतलें सर्वोत्तम नव्हे. राजावांचून राज्य चालतें, ही गोष्ट १८८९ च्या मराठी वाचकाला सांगण्यांतच लेखिकेचा निम्मा उत्साह खर्ची पडतो. रमाबाईंची लेखणी खरी धारदार होते ती जेथें त्यांचें स्वतःचें कांहीं दुखावलें आहे तेथें. मूळ रहिवाशांच्या भूमि कशा हिरावल्या गेल्या हें सांगतांना त्या संतापतात. निग्रो लोकांविषयींचा तिरस्कार गुलामगिरी गेल्यावरहि गेला नाहीं, हें त्यांच्या नजरेंतून सुटत नाहीं. जातिभेदांत वाढलेल्या माणसाला ती खूण लवकर पटते. स्त्रियांविषयींच्या प्रकरणांत तर प्रवासवर्णनाचा वेष गळून पडतो आणि उरतो तो येथील समाजावरील अभियोग. ज्या अमेरिकेची त्या एवढी प्रशंसा करतात तेथेंहि स्त्रीला राष्ट्रीय मताधिकार मिळावयास १९२० साल उजाडावें लागलें. वायोमिंग प्रांतानें तो १८६९ त दिला होता, पण तो अपवाद. दोष काढावयाचा तर एवढाच, कीं येथील अंधाराच्या मानानें तेथील संधिप्रकाशहि बाईंना पुष्कळदा भर दुपार वाटतो. तुलना घरच्या प्रश्नावरून सुरू झाली कीं तिला जीव येतो खरा. परंतु घरच्या दुःखाच्या भरांत परकें माप कधीं कधीं फार सैल पडतें.

रमाबाईंच्या पुस्तकानंतर सुमारें साठ वर्षांनीं, ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घटनासमितीपुढें जी तुलना मांडली तिच्यांत हा सैलपणा नाहीं. १९१३ ते १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठांत शिकलेले आंबेडकर अमेरिकेच्या पद्धतीची थोरवी सांगत बसले नाहींत. त्यांनीं प्रश्न घातला तो असा: राज्यकारभारांत स्थैर्य अधिक हवें, कीं जबाबदारी अधिक हवी? अध्यक्षीय पद्धतींत सरकार बहुमताच्या मर्जीवर टिकत नाहीं, म्हणून स्थैर्य; संसदीय पद्धतींत प्रश्न, तहकुबी आणि अविश्वासाचे ठराव यांनीं सरकारचा हिशेब रोज तपासला जातो, म्हणून जबाबदारी. मसुद्यानें दुसरी बाजू पसंत केली. हा हिशेब आज पुन्हा तपासण्याजोगा आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर आमच्या सभासदानें पक्षादेशाविरुद्ध मत दिलें तर त्याची जागा जाऊं शकते. अमेरिकेंतील सभासद स्वपक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध मत देऊनहि आपल्या जागीं राहतो. रोजची झडती ज्यांनीं घ्यावयाची त्यांचेच हात बांधल्यावर आंबेडकरांच्या तराजूचें कोणतें पारडें जड राहिलें, हें आमच्या पाठ्यपुस्तकांनीं विचारावयास हवें होतें.

घरचा प्रश्न घेऊन परदेशीं जाण्याची ही रीत एका लहानशा स्थळावर लावून पाहूं. स्थळ घेऊं गोंदिया जिल्ह्यांतील नागझिऱ्याचें रान. (हा मुलूख पूर्वी भंडारा जिल्ह्यांत मोडत असे, त्याच भंडाऱ्याहून आंबेडकर १९५४ च्या पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले.) हें रान प्रथम मध्यप्रांत व वऱ्हाडांत होतें, १९५० त मध्यप्रदेशांत गणलें गेलें, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यांत आलें, १ मे १९६० ला महाराष्ट्रांत, आणि १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा निराळा झाला. जिल्ह्यांची वांटणी ही राज्याची घरगुती बाब. परंतु राज्यांच्या सीमा ज्या हलल्या त्या दिल्लीच्या कायद्यानें. आमच्या घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणें संसद साध्या बहुमतानें राज्य जोडते, तोडते, त्याचें नांव बदलते. संबंधित विधिमंडळाचें मत मागविलें जातें, पण तें बंधनकारक नसतें. अमेरिकेंत राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीवांचून त्याचा तुकडा काढतां येत नाहीं. १८२० त मेन हें राज्य निराळें झालें तें मॅसॅच्युसेट्सनें होकार दिल्यावर. विदर्भाचें निराळें राज्य मागणारा मनुष्य म्हणून दिल्लीकडे तोंड करून उभा राहतो. अमेरिकन घटना येथें असती तर त्याला आधीं मुंबईच्या विधिमंडळाचें मन वळवावें लागलें असतें. तेथें राज्यांनीं संघ घडविला, येथें संघ राज्यें घडवितो. सेनेटमधील दोन-दोन जागांचें आणि राज्यसभेंतील १९ व एक यांचें रहस्य येथें आहे.

आतां या रानांतील श्वापदें. नागझिरा १९७० त अभयारण्य झालें तेव्हां वन्य प्राण्यांचें रक्षण हा राज्यांचा विषय होता. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा संसदेला स्वतःच्या अधिकारानें करतां येईना. अनेक राज्यांच्या विधिमंडळांनीं ठराव करून तिला विनंती केली, तेव्हां २५२ व्या कलमाच्या वाटेनें तो झाला. पुढें आणीबाणींत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनें, वनें आणि वन्य प्राणी समवर्ती सूचींत गेले. योगायोग असा, कीं त्याच १९७६ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें न्यू मेक्सिको राज्याविरुद्ध निकाल दिला, कीं राष्ट्रीय मालकीच्या भूमीवरील रानघोड्यांचें रक्षण काँग्रेस करूं शकते. परिणाम सारखाच, वाट मात्र अगदीं निराळी. येथें संसदेनें घटना दुरुस्त केली. तेथें घटनेचा एक शब्दहि न बदलतां न्यायालयानें मालकीच्या जुन्या कलमाचा अर्थ लावला. शिवाय तेथें पश्चिमेकडील अफाट भूमीची मालक राष्ट्रसत्ता स्वतः आहे. नागझिऱ्याचें रान राज्याच्या वनखात्याकडे आहे आणि दिल्लीचा अधिकार त्यावर कायद्यानें व पैशानें पोंचतो. २०१३ त नवेगांवसह येथें व्याघ्रप्रकल्प झाला तोहि या दुहेरी कारभारांतूनच.

'राष्ट्रीय उद्यान' हा शब्दसुद्धां आम्ही तेथूनच उचलला, आणि त्याची जन्मकथा राज्यशास्त्राच्या वर्गांत सांगण्याजोगी आहे. १८६४ त योसेमिटी खोरें काँग्रेसनें कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन केलें, कारण तेथें राज्य होतें. १८७२ त यलोस्टोन राखून ठेवतांना तो मुलूख अद्याप प्रांतच होता, हवालीं करावें असें राज्यच नव्हतें. म्हणून उद्यान राष्ट्राचें झालें. आदल्याच वर्षीं काँग्रेसनें मूळ रहिवाशांच्या टोळ्यांशीं तह करण्याची पद्धति बंद केली होती. यलोस्टोनमध्यें पिढ्यान्पिढ्या वावरणाऱ्या लोकांची संमति कोणीं विचारली नाहीं. पुढें त्यांना तेथून दूर करण्यांत आलें. रमाबाई अमेरिकेंत पोंचल्या तेव्हां त्या उद्यानाला चौदा वर्षें झालीं होतीं. आमच्या २००६ च्या वनहक्क कायद्यांत, वन्यजीवांसाठीं गांव हलवावयाचें तर ग्रामसभेची समजून-उमजून दिलेली, लेखी संमति हवी, असें आहे. ती कागदावर कशी घेतली जाते आणि प्रत्यक्षांत कशी, हें नागझिरा-नवेगांवच्या रानालगतच्या गांवांत बसून पाहिल्यावांचून या कलमाची यलोस्टोनशीं तुलना करण्याच्या भरीस कोणी पडूं नये.