‘चांगली’ कोण, गाणारी की गाणं?

क्रियेबद्दल अधिक माहिती सांगणारा अविकारी शब्द म्हणजे क्रियाविशेषण अव्यय, ही व्याख्या आपण सगळेच शाळेत शिकलो. तिच्यात दोन निराळी मापं एकत्र केली आहेत. ‘क्रियाविशेषण’ म्हणताना आपण शब्दाचं काम पाहतो, ‘अव्यय’ म्हणताना त्याचं रूप.

‘तो वर चढला’ यात ‘वर’ क्रियाविशेषण. ‘तो माडावर चढला’ यात ते माडाच्या सामान्यरूपाला चिकटलं, म्हणून शब्दयोगी. इथवर वाद नाही.

वाद ‘ती चांगली गाते’मध्ये आहे. तो चांगला गातो, ती चांगली गाते. शब्द बदलतो, म्हणून काहीजण त्याला विशेषण ठरवून मोकळे होतात. मग ‘ती गोड गाते’ यातला ‘गोड’ बदलत नाही म्हणून तेवढा क्रियाविशेषण? गळा तर एकच!

आपण प्रयोग बदलून पाहू. ‘तिने अभंग चांगला गायला.’ गाणारी तीच, पण ‘चांगली’चं ‘चांगला’ झालं. आता हे अभंगाचं विशेषण म्हणावं, तर ‘तिने चांगला अभंग गायला’ याचा अर्थ निराळा आहे. ती बेसूर गायली असली तरी हे वाक्य खरं ठरेल. आणखी पुढे जाऊ. ‘तिने चोराला चांगलं बदडलं.’ हे ‘चांगलं’ तिच्याशी जुळत नाही आणि चोराशीही नाही (चोर चांगला असता तर बदडला कशाला असता!). ते जुळतं फक्त ‘बदडलं’शी. कर्तरी, कर्मणी, भावे, तिन्ही प्रयोगांत हा शब्द क्रियापदामागोमाग वळतो. क्रियेचं विशेषण म्हणतात ते हेच.

संस्कृतात ‘सा मधुरं गायति’, ‘ते मधुरं गायन्ति’. ‘मधुरं’ हलत नाही. इंग्रजीतही असा शब्द लिंगवचनाने बदलत नाही. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून आपण ज्या साच्यांवर विसंबलो, त्यांना हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. पुढे मो. के. दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं १९११ मध्ये. दामले म्हणजे मालगुंडच्या केशवसुतांचे धाकटे बंधू, आपल्याकडचेच. वर्गीकरणाची कसून तपासणी कशी करावी हे त्यांच्याकडून शिकावं. शाळेत पोचली ती मात्र नुसती जातींची यादी.

तेव्हा शिक्षकांना आमची विनंती एवढीच, की ‘क्रियाविशेषण’ म्हणा आणि त्याचे विकारी, अविकारी असे दोन प्रकार सांगा. ‘चांगली’ला क्रियाविशेषण म्हणणाऱ्या मुलीचा गुण कापू नका.

‘हापूस गोड लागतो’ यातलं ‘गोड’ आंब्याचं की लागण्याचं, हे प्रकरण वेगळं आहे. तिथे ‘लागणे’ हे ‘असणे’च्या जवळ सरकतं. ते पुढच्या व्याख्यानात घेऊ.