ब्राह्मण्य, ब्राह्मण आणि कंपनीचा नियम

समाजमाध्यमांवरील भाषणाचे नियम सर्वांना सारखे लावा, अशी मागणी आपल्यातलेही काही मित्र करतात. मागणी रास्त आहे. परंतु ‘सारखे’ म्हणजे काय, हे न ठरवता ती केली, तर ती प्रस्थापितांच्याच पथ्यावर पडते.

नोव्हेंबर २०१८ चे प्रकरण पाहा. ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आले असता एका दलित कार्यकर्तीने त्यांना फलक भेट दिला. ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा, एवढाच त्याचा आशय. तो हाती धरलेले छायाचित्र प्रसिद्ध होताच, हा एका जातीचा द्वेष आहे अशी ओरड झाली. कंपनीची धोरणे पाहणाऱ्या विजया गड्डे यांनी माफी मागितली. मनमाडला १९३८ साली अस्पृश्य रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते, की ब्राह्मण्य म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता नव्हे. स्वातंत्र्य, समता व बंधुत्व यांचा नकार म्हणजे ब्राह्मण्य, आणि ते इतर जातींतही मुरलेले आहे. ऐंशी वर्षांनीही एवढा भेद कंपनीला करता आला नाही. की करायचा नव्हता?

फेसबुकच्या नियमांत वंश, धर्म यांच्या जोडीला ‘जात’ही आहे. पण ‘सरकारचे जावई’ या शब्दांत शिवी कुठे शोधणार? जावई तर मानाचा! यंत्राला त्यात काही खटकत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या प्रवेशाच्या बातमीखाली ते लिहिले जाते, त्याला मात्र त्यातली जात बरोबर ऐकू येते. उलट, त्यानेच आपल्याला घातलेली जातिवाचक शिवी जशीच्या तशी उतरवून दाद मागितली, तर शब्द चटकन सापडतो आणि मजकूर त्याचाच उडण्याचा धोका. निषेधासाठी उद्धृत केलेल्या शब्दाला नियमात सूट आहे. ती ओळखायची कोणी?

आणि जिथे अर्थाचा घोळ नसतो, तिथे? ऑगस्ट २०२० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने छापले, की तेलंगणचे तेव्हाचे भाजप आमदार टी. राजा सिंह यांना द्वेषभाषणाचा नियम लावण्यास फेसबुकच्याच भारतातील धोरणप्रमुखांनी, धंद्याचे नुकसान होईल म्हणून, विरोध केला. बोभाटा झाल्यावर सप्टेंबरमध्ये बंदी आली.

२०२३ पासून केंद्र सरकारच्या तक्रार अपील समित्या आहेत. पण सत्तेवरील टीकेचा निवाडा सत्तेनेच नेमलेल्यांकडे न्यावा, हे मला पटत नाही. मागायचेच तर कंपनीकडे मागा: मजकूर कोणत्या कलमाखाली काढला, माणसाने की यंत्राने, हे मराठीत लिहून द्या, आणि मराठी मजकूर तपासणारी माणसे किती, ती कोणत्या समाजांतून आली, हे जाहीर करा.