तीन मिनिटांचे खांसाहेब

काही वर्षांपूर्वी एका साहित्यमेळाव्याच्या निमित्ताने मी पुण्यास गेलो होतो. रात्रीची जेवणे आटोपल्यावर गप्पांना रंग चढला. कुणीतरी किराणा घराण्याचा विषय काढला, आणि मी आपला अब्दुल करीम खांसाहेबांच्या जोगियाविषयी दोन शब्द बोलून गेलो. एक वयस्क गृहस्थ सुपारी कातरत बसले होते. ते मान वर न करताच म्हणाले, "मास्तर, तुम्ही खांसाहेब कुठे ऐकलेत? तुम्ही रेकॉर्ड ऐकलीत."

मंडळी हसली. मीही हसलो. खांसाहेब १९३७ साली पैगंबरवासी झाले, तेव्हा त्या गृहस्थांनीही त्यांना ऐकले असणे शक्य नव्हते. ऐकले होते ते त्यांच्या वडिलांनी. पुण्यात गाणे ऐकल्याचा मानही वारसाहक्काने मिळतो की काय, कोण जाणे! पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. बडनेऱ्यास गाडी सोडून परतवाड्याच्या एस. टी. त बसलो तरी ते शेजारच्या उतारूसारखे खेटून बसलेलेच होते.

कारण गोष्ट खरी होती. आमचे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. चिखलदऱ्याकडून इथे ढग उतरतात, मेळघाटातून सागवान उतरते. मोठा गवई मात्र सहसा उतरत नाही. माझ्या कानावर जे काही गाणे पडले ते आमच्या आबाजींच्या चावीच्या फोनोतून. आबाजी लाकडाच्या डेपोवर कारकून होते. तो फोनो त्यांनी मूर्तिजापूरहून शकुंतला गाडीने, मांडीवर घेऊन आणला होता. आता ती गाडी बंद पडली आहे, फोनो चालतो. पत्र्याच्या पेटीत अकरा तबकड्या होत्या. त्यांतल्या तीन खांसाहेबांच्या.

दिवाळीत फराळ झाला की आबाजी ओसरीवर फोनो मांडीत. सुई बदलणे हे माझे काम. जोगिया लागला, 'पिया के मिलन की आस' सुरू झाले, की माजघरातून आजी हमखास विचारी, "काऊन जी, हा बुवा गाऊन रायला का रडून रायला?" आबाजी हात वर करून म्हणत, "थांब नं वं. सरू दे तबकडी." तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांत सरे. आजीच्या प्रश्नाला उत्तर मात्र कधी मिळाले नाही. पुढे मी संगीतावरची पुष्कळ जाडी पुस्तके चाळली. परंतु खांसाहेबांविषयी याहून नेमका प्रश्न कुणी विचारलेला मला आढळला नाही. त्याकडे येतोच.

आधी त्या पुणेकर गृहस्थांचा आक्षेप. तो असा, की रेकॉर्ड म्हणजे मैफलीचा सांगाडा. किराण्याची गायकी सावकाश बढतीची. एकेका स्वरावर वस्ती करीत, पुढच्या स्वराची वाट पाहायला लावीत राग उलगडायचा, ही तिची रीत. तासाभराचा राग तीन मिनिटांत कसा मावणार? शंभर माणसांची पंगत वाटीत वाढावी तसे ते. हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. आणि उरलेल्या अर्ध्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

खांसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका दोन काळांतल्या आहेत. पहिल्या १९०५ च्या सुमाराच्या. हिंदुस्थानात तबकड्यांचा व्यापार तेव्हा नुकताच सुरू झाला होता. गैसबर्ग नावाच्या गृहस्थांनी १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तिथून हा संसार मांडला गेला. त्या वेळी वीज नाही, मायक्रोफोन नाही. गवयाने एका कर्ण्यात तोंड घालून गायचे. त्या आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा, पडद्याने सुई हलायची आणि सुई मेणावर रेघ ओढायची. मेणाचे ते मूळ छाप जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि लाखेच्या तबकड्या होऊन परत येत. (लाख म्हणजे आपल्या बांगड्यांची लाख बरे का! फोनोची तबकडी आणि आजीच्या हातातली बांगडी या दोघी सख्ख्या बहिणी.) गाणे संपताच गायिका आपले नाव पुकारीत, ते परदेशातल्या कारागिरांना कागद चिकटवताना घोटाळा होऊ नये म्हणून. अशा कर्ण्यापुढे ज्याचा आवाज दणकट त्याची सरशी. हळुवार गळ्याचा माणूस तिथे बापडा ठरायचा.

दुसऱ्या काळातल्या मुद्रिका १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास झाल्या. मधल्या काळात, १९२५ साली, विजेचे मुद्रण आले होते. आता ओरडायचे कारण उरले नाही; कुजबुजले तरी उमटते. साठीच्या घरात पोचलेले खांसाहेब मायक्रोफोनपुढे बसले, आणि आपण आज जे ओळखतो ते खांसाहेब जन्माला आले. माझ्या मते ही गोष्ट पुरेशी कुणी ध्यानात घेत नाही. तो उंच, बारीक, किंचित नाकातून येणारा आवाज हजार माणसांसाठी नव्हताच. तो एका माणसाच्या कानाशी बोलणारा आवाज होता, आणि मायक्रोफोन हा एकच कान असलेला श्रोता आहे.

इथे एका परदेशी कलावंताची आठवण होते. बुसोनी हा इटलीचा नामांकित पियानोवादक. १८६६ चा जन्म, १९२४ चा मृत्यू. म्हणजे खांसाहेबांहून सहा वर्षांनी मोठा. १९१९ साली लंडनमध्ये तबकड्या मुद्रित करताना त्याने पत्नीला पत्र लिहून फार त्रागा केला, की दहा मिनिटांची रचना चार मिनिटांत बसवा म्हणतात. तोडा, जोडा, ऐन वेळी ठिगळ लावा! त्याच्या वादनाच्या ज्या मोजक्या बाजू आज ऐकायला मिळतात त्या १९२२ च्या, कर्ण्याच्याच काळातल्या. मी त्या फोनवर ऐकल्या. खरखर पुष्कळ आहे. पण एका बाजूवर त्याने शोपाँच्या दोन छोट्या रचना पाठोपाठ वाजवल्या आहेत, आणि पहिली संपून दुसरी सुरू व्हायच्या आत, दोन सुरावटींच्या मधल्या फटीत, स्वतःच्या मनाचा एक छोटा पूल बांधून तो पलीकडे गेला आहे. तेवढा पूल शोपाँने लिहिलेला नाही. तो त्याने तिथल्या तिथे रचला. ज्या तबकडीवर हा मनुष्य चिडला होता, तिच्यावरच त्याचा खरा हात सापडतो.

खांसाहेब तर चिडलेलेही दिसत नाहीत. त्यांनी तासाचा राग कापून तीन मिनिटांचा केला नाही. तीन मिनिटे हाच एक नवा ताल आहे असे धरून ते गायले. झिंझोटीतली 'पिया बिन' ऐका. झिंझोटी हा खालच्या सप्तकात रमणारा राग, आणि यांचा गळा उंच. शब्द दोन-चारच. पण त्या मुखड्याकडे ते दर वेळी निराळ्या वाटेने येतात. घरी परतणारा माणूस कधी नदीकाठाने, कधी बाजारातून, कधी शेजाऱ्याच्या परसातून येतो, तसे. आपण दार तेच पाहतो आणि येणारा मात्र दर वेळी थोडा अधिक दमलेला असतो. मैफलीत हीच गोष्ट अर्धा तास चालली असती, आणि मला वाटते, कदाचित थोडी पातळ झाली असती. हे लिहिताना माझा हात कचरतो, पण मत आहे ते आहे.

आता आजीचा प्रश्न. जोगियात कोमल रिषभ आणि कोमल धैवत हे दोन हळवे स्वर. हलका गवई त्यांवर डोळे पुसतो. खांसाहेब त्या स्वरांवर पाऊल ठेवतात, ओढ देतात आणि मध्यमावर येऊन सरळ उभे राहतात. आवाज हलत नाही, थरथरत नाही, स्वर केसभरही ढळत नाही. रडणारा माणूस सुरात राहू शकत नाही, हे कुणालाही ठाऊक आहे. इथे मनुष्य रडण्याच्या अगदी काठावर उभा आहे आणि सूर मात्र तंबोऱ्याच्या तारेइतका ताठ. आजीला ऐकू आला तो हा काठ. या सुरामागे मोठी तपश्चर्या होती. सांगलीचे देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज अधिकारी यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास मांडला, तेव्हा खांसाहेबांचा गळा त्यांच्या कामी आला होता. मिरजेसारख्या तंबोऱ्यांच्या गावी राहणारा, स्वतः वाद्ये दुरुस्त करणारा हा गवई. त्याला स्वर कुठे बसतो ते हाताच्या बोटांनीही कळत असणार.

तथापि सगळ्याच तबकड्यांना मी हात जोडीत नाही. ख्यालाच्या काही बाजूंवर शेवटच्या मिनिटात तानांची जी घाई होते, तीत घड्याळ दिसते. शब्दांचे तर बोलूच नये. 'चंद्रिका ही जणू' हे 'मानापमाना'तले पद खांसाहेबांनी मुद्रित केले आहे. त्या नाटकाचे शब्द खाडिलकरांचे आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. खांसाहेबांच्या तोंडी सूर मधासारखा ओघळतो आणि खाडिलकर त्यात बुडून जातात. मराठीचा मास्तर म्हणून मला हे सोसत नाही. त्याच माणसाने त्यागराजांची खरहरप्रिया रागातली 'राम नी समानमेवरु' ही तेलुगू कृती गायली, तेव्हा मला शब्द कळत नाहीत म्हणून मी सुखी असतो. आंध्रातला एखादा मास्तर तिथे माझ्यासारखाच कपाळाला हात लावीत असेल. आणखी एक. या तबकड्या ऐकून पुढे कितीकांनी नाकातून गायला सुरुवात केली! नाक उचलले, तो ताठ सूर कुणी उचलायचा?

हे दोष मी दाखवू शकतो, कारण तबकडी माझ्यापुढे आहे. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी आज ऐकायला मिळत नाही. त्यांच्याविषयी जाणकारांनी जे लिहून ठेवले ते वाचून मी मान डोलावतो, आणि तेवढेच करू शकतो. आठवणींपुढे नमस्कार करता येतो, भांडता येत नाही. खांसाहेबांशी मी परतवाड्याच्या ओसरीवर बसून भांडू शकतो, तीच बाजू दहादा लावून माझे मत बदलू शकतो. हा मान पुण्याच्या त्या गृहस्थांच्या वडिलांनाही मिळाला नव्हता. त्यांनी एकदाच ऐकले आणि घरी जाऊन सांगितले.

अर्थात तबकडी सगळे देत नाही. भीमसेन जोशींनी लहानपणी खांसाहेबांची झिंझोटीची ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असे गायचे म्हणून घर सोडले, ही हकीकत ते स्वतःच सांगत. पण गाणे शिकायला त्यांना फोनो पुरला नाही. खांसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या घरी पाणी भरावे लागले. ऐकणाऱ्याला तबकडी पुरते, गाणाऱ्याला नाही. माझे काम ऐकण्याचे.

१९३७ च्या २७ ऑक्टोबरला, मद्रासहून पाँडिचेरीस जाताना वाटेत प्रकृती बिघडली म्हणून खांसाहेब सिंगपेरुमाळ कोविल नावाच्या लहानशा स्टेशनात उतरले आणि तिथेच फलाटावर त्यांनी देह ठेवला. मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. तिथे दरवर्षी उरुसात गवई हजेरी लावतात. मी अजून गेलेलो नाही.

आबाजींच्या जोगियाच्या तबकडीला कडेला एक बारीक चीर आहे. पहिले अर्धे मिनिट सुई दर फेरीला तिथे 'टक्' करते. चावी उतरू लागली की खांसाहेबांचा आवाजही उतरतो आणि उठून चावी द्यावी लागते. आता हेच गाणे माझी मुलगी मला फोनवर लावून देते. त्यात चीर नाही, चावी नाही, सूर शेवटपर्यंत एका पट्टीत. ते ऐकताना मी त्या 'टक्'ची वाट पाहतो, आणि गाणे अर्ध्यावर आले की माझा उजवा हात चावीसाठी उठतो. मुलगी विचारते, "बाबा, काय पाहिजे?"