स्वमग्न मुलांच्या उपचारातील यंत्रमानव : एक चिकित्सा

स्वमग्न मुलांच्या उपचारात सामाजिक यंत्रमानवाचा उपयोग या विषयावर गेल्या दोन-अडीच दशकांत विपुल लेखन झाले आहे. त्यात कौतुकाचा भाग अधिक आणि चिकित्सेचा कमी आढळतो. प्रस्तुत लेखात यामागील गृहीतकाची आणि पुराव्याची तपासणी करावयाची आहे.

गृहीतक असे की, माणसाचा चेहरा क्षणोक्षणी बदलतो व ही अनिश्चितता अनेक स्वमग्न मुलांना पेलवत नाही. यंत्राचा चेहरा मात्र मोजकेच भाव दाखवतो आणि तेही दर वेळी तसेच. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठात २००५ साली साकारलेल्या ‘कास्पर’ या बालसदृश यंत्रमानवाचा चेहरा याच विचाराने मुद्दाम साधा ठेवण्यात आला. यंत्र हे माणसाकडे नेणारा पूल आहे, असे या पद्धतीचे समर्थक मानतात.

तो पूल खरोखर पलीकडे पोहोचतो काय? येथे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. १२ मुलांच्या घरी महिनाभर यंत्रमानव ठेवण्यात आला. रोज अर्धा तास खेळ, सोबत पालक. दुसऱ्याच्या नजरेचा मागोवा घेत त्याच वस्तूकडे पाहणे, म्हणजेच संयुक्त अवधान, यंत्र समोर नसतानाही सुधारल्याचे आढळले. प्रयोगशाळेबाहेर, घरच्या वातावरणात हे घडले, ही या अभ्यासाची मोठी जमेची बाजू होय. तथापि तुलनेसाठी यंत्राविना दुसरा गट नव्हता. रोज अर्धा तास आई किंवा वडील मुलाशेजारी निवांत बसले, याचे श्रेय यंत्राच्या खात्यावर का जमा करावे? (असा निवांत अर्धा तास किती घरांत मिळतो, हा प्रश्न निराळाच!) म्हणून यंत्र काढून घेतल्यावर काय उरते, हीच या उपचाराची खरी कसोटी मानली पाहिजे.

काढून घेण्याची वेळ मात्र उपचारकाच्या हाती असतेच असे नाही. लहान मुलांच्या भावनिक विकासासाठी २०२० साली बाजारात आलेला ‘मॉक्सी’ स्वमग्न मुलांच्या पालकांनीही घेतला होता. डिसेंबर २०२४ मध्ये निधीअभावी त्याच्या कंपनीने काम थांबवत असल्याचे जाहीर केले. यंत्राचे बोलणे दूरच्या संगणकांवर अवलंबून असल्याने ‘मित्र’ मुका होणार, हे मुलांना समजावण्याची पाळी पालकांवर आली. पुढे ते घरच्या संगणकावरून चालवण्याची सोय खुली करण्यात आली, परंतु तिचा लाभ तांत्रिक जाण असलेल्या पालकांनाच घेता येण्यासारखा होता.