शाळा उघडताना भिंतीवरचे ‘भारतीय योगदान’

जूनच्या मध्याला मराठवाड्यातल्या शाळा उघडतात. सेनगाव तालुक्याची हद्द ओलांडून वाशिम जिल्ह्यात गेले की तिथल्या शाळा अजून बंदच असतात, कारण विदर्भातला उन्हाळा लक्षात घेऊन त्या आणखी काही दिवसांनी सुरू होतात. गोरेगावच्या काय किंवा कुठल्याही गावच्या शाळेत पहिल्या आठवड्यात दोन कामे हमखास होतात. पुस्तके वाटली जातात आणि भिंती सजवल्या जातात. फुगे, तोरणे, ‘सुस्वागतम्’ चार दिवसांत उतरते. एक तक्ता मात्र वर्षभर टिकतो : ‘विज्ञानात भारतीयांचे योगदान’. १५ ऑगस्टच्या भाषणाची तयारी त्याच्याच समोर उभे राहून होते, विज्ञानदिनाचा निबंधही त्यावरूनच उतरवला जातो.

पाठ्यपुस्तकातली एखादी चूक सापडली तर आपण शिक्षक मंडळाला पत्र लिहितो, मासिकातून वाद घालतो. तक्त्याचे परीक्षण मात्र कुणी लिहीत नाही. वास्तविक मुलांच्या डोळ्यांसमोर पुस्तकापेक्षा तक्ता अधिक वेळ असतो. म्हणून या लेखात पुस्तकाऐवजी तक्ता परीक्षणाला घेतला आहे. कोणा एका शाळेचा नव्हे, तर सगळीकडे साधारण सारखाच दिसणारा.

या तक्त्याची पहिली खोड भाषेची आहे. ‘आर्यभट – शून्य’, ‘रामन – प्रकाश’, ‘हळद – पेटंट परत मिळवले’, आणि आपल्या जिल्ह्यात अलीकडे भर पडलेली ‘लायगो – हिंगोली’. एक नाव, एक आडवी रेघ, एक वस्तू. क्रियापद नाही. योगदान ही करण्याची गोष्ट आहे. ती सांगताना क्रियापदच गाळले, तर नेमके काय केले, कधी केले, कुणाबरोबर केले आणि ते आपल्याला कशावरून कळले, हे सगळेच गळून पडते. उरतो तो अभिमान, पण कशाचा ते सांगता येत नाही असा.

शून्याचेच पाहा. आर्यभटाने ‘आर्यभटीय’ हा ग्रंथ इसवी सन ४९९ मध्ये लिहिला. त्याची गणना स्थानमूल्यावर उभी आहे यात शंका नाही. पण शून्याला एक संख्या मानून त्याची बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसा करायचा याचे नियम स्पष्टपणे मांडले ते ब्रह्मगुप्ताने, ६२८ साली. रिकाम्या जागेची खूण म्हणून शून्यासारखे चिन्ह बाबिलोनियात होते, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांकडेही होते. ब्रह्मगुप्ताचे वेगळेपण हे की त्याने या खुणेला इतर संख्यांच्या पंगतीत बसवले. आणि इथेच तक्त्याने कधीच न सांगितलेली गोष्ट आहे. शून्याला शून्याने भागले तर उत्तर शून्य येते असे ब्रह्मगुप्ताने लिहिले. आज आपण ते मानत नाही. पुढे सुमारे पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी शून्याने भागाकाराचा प्रश्न पुन्हा हातात घेतला आणि अशा भागाकारातून येणाऱ्या राशीला ‘खहर’ म्हणून अनंताशी जोडले. तेही आजच्या गणिताशी पूर्ण जुळत नाही. पण पाचशे वर्षे एक प्रश्न जिवंत राहतो, आधीच्या मोठ्या माणसाचे उत्तर नंतरचा तपासून पाहतो, हे सातवीच्या मुलाला सांगण्यासारखे नाही काय? त्याने स्वतः पाटीवर ५ ÷ ० मांडून पाहावे आणि ब्रह्मगुप्ताशी भांडावे. ‘आर्यभट – शून्य’ या रेघेत भांडायला जागाच नाही.

आता हळदीकडे वळू. हा विषय आपल्या अंगणातला आहे. शाळा उघडतात तेव्हा हिंगोली जिल्ह्यात हळदीच्या बेण्याची लागवड चालू असते किंवा नुकतीच आटोपलेली असते. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या हातांना त्याचा वास असतो. तक्ता सांगतो : अमेरिकेने हळदीचे पेटंट घेतले आणि भारताने ते परत मिळवले. या छोट्या वाक्यात तीन चुका आहेत.

पहिली चूक अशी की पेटंट हळदीचे नव्हते. झाडाचे, कंदाचे किंवा भुकटीचेही नव्हते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने दिलेले ते पेटंट जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीचे होते. दुसरी चूक ‘अमेरिकेने’ या शब्दात आहे. पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे होते आणि त्यावर संशोधक म्हणून ज्या दोघांची नावे होती ते दोघेही भारतीय वंशाचे होते. तिसरी चूक ‘परत मिळवले’ ही. काहीच परत मिळाले नाही. पेटंट रद्द झाले, म्हणजे ते कुणाचेच राहिले नाही, आणि हेच योग्य होते.

ते रद्द कसे झाले, ही हकीकत तक्त्यात यायला हवी होती. डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटच्या फेरतपासणीचा अर्ज केला. पेटंट मिळण्यासाठी शोध नवा असावा लागतो. जखमेवर हळद लावणे नवे नाही, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक. पण त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातली तोंडी परंपरा पुरावा म्हणून चालत नव्हती. छापील किंवा लिखित आधार लागत असे. ‘आमची आजी लावायची’ हे वाक्य कितीही खरे असले तरी तिथे त्याची किंमत शून्य. परिषदेने मग ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत जुने संस्कृत लेखन होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये निकाल पेटंटच्या विरोधात लागला.

म्हणजे ही लढाई जिंकली ती घोषणांनी नाही, ग्रंथालयाने जिंकली. १९५३ साली कुणीतरी हळदीवर काम केले, ते नीट लिहिले आणि छापले. चव्वेचाळीस वर्षांनी देशाच्या कामी काय येणार आहे याची त्या लेखकाला कल्पनाही नसणार. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह उभा करण्याचे काम सुरू झाले, ते या अनुभवातूनच. माझ्या मते तक्त्यावर जागा द्यायचीच असेल तर ती या नोंदवहीला द्यावी. अर्थात तिचे चित्र काढणे कठीण, हळकुंडाचे सोपे!

आणखी एक गोष्ट खटकते. हळदीने जखम खरोखर किती बरी होते, हा प्रश्न पेटंटच्या वादात नव्हताच. वाद होता तो नवेपणाचा. तक्ता वाचून मात्र मुलांची समजूत होते की अमेरिकेने हळदीचा गुण मान्य केला. परंपरेत एखादी गोष्ट आहे हे सिद्ध होणे आणि ती गुणकारी आहे हे सिद्ध होणे या वेगळ्या पायऱ्या आहेत. दुसरीसाठी हळद लावलेल्या आणि न लावलेल्या जखमांची तुलना करावी लागते. मुलांना जखमा करून हे शिकवता येत नाही, पण हळदीवरचा दुसरा एक प्रयोग दहा मिनिटांत होतो. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवावा. त्यावर साबणाचे किंवा चुन्याचे पाणी टाकले की लाल डाग पडतो. लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. कुंकवाचा रंगही हळद आणि अल्कलीच्या याच मेळातून येत आला आहे. तपासून पाहण्याची सवय लागायला एवढे पुरेसे आहे.

आता लायगो. हा तक्त्यावरचा सर्वांत नवा आणि आपल्याला सर्वांत जवळचा मजकूर आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. काटकोनात पसरलेल्या तिच्या दोन्ही भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. लहर जाताना या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी असतो.

मुलांच्या भाषणांत मात्र असे ऐकू येते की आइन्स्टाइनचे म्हणणे हिंगोलीने सिद्ध केले. तसे नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली ती अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथील उपकरणांनी. आपली वेधशाळा अजून पूर्ण व्हायची आहे. जे झालेले नाही त्याचा अभिमान आज कशाला? विशेषतः झालेले पुष्कळ असताना.

झालेले काय, ते पाहू. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एक होतात, तेव्हा नव्या कृष्णविवराला घंटेसारखा कंप सुटतो आणि तो झपाट्याने विरतो. हे गणिताने दाखवले सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी, १९७० साली. त्या लहरींचा आकार आधीच काटेकोरपणे काढून ठेवण्याच्या कामात बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले बाला अय्यर फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर होते. पुण्याच्या ‘आयुका’मध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गोंगाटातून ही लहर ओळखायची कशी या प्रश्नावर काम केले. बाजाराच्या दिवशी गर्दीतही आपल्या मुलाची हाक आपल्याला ऐकू येते, कारण तो आवाज कसा असतो हे आपल्याला आधीच माहीत असते. तसेच अपेक्षित लहरींचे नमुने तयार करून उपकरणाच्या नोंदीवर ते एकामागून एक ताडून पाहायचे, अशी ही रीत आहे. यात क्रियापदे आहेत, सहकारी आहेत, सालही आहे. अशी चार वाक्ये तक्त्यावर लिहिली तर जागा थोडी जास्त लागेल एवढेच.

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि मोठ्या वर्गातली मुले तो विचारतातच. विश्वेश्वरांनी ते काम केले तेव्हा ते अमेरिकेत होते. मग ते भारताचे योगदान की अमेरिकेचे? तक्ता त्यांना बेधडक आपले म्हणतो. पण मग हळदीच्या पेटंटवरची ती दोन भारतीय वंशाची नावेही आपलीच म्हणायला हवीत. तिथे मात्र तक्ता ‘अमेरिकेने’ म्हणून मोकळा होतो. यश आले की जन्मस्थान मोजायचे, अडचण आली की नोकरीचे गाव मोजायचे, हा हिशेब विज्ञान शिकवणाऱ्या भिंतीला शोभत नाही. रोज परिपाठात आपण जी प्रतिज्ञा म्हणतो ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली मूळ तेलुगूत लिहिली, विशाखापट्टणमच्या कोषागारात नोकरी करत असताना. परंपरेच्या अभिमानाबरोबर त्या परंपरेला पात्र होण्याची गोष्टही तिच्यात आहे. या दुसऱ्या गोष्टीसाठी मात्र आपल्या भिंतींवर जागा दिसत नाही.

दुधाळ्याची वेधशाळा चालू झाली की तिचा उपयोग नेमका कोणता, हेही तक्ता सांगत नाही. लहर प्रकाशाच्या वेगाने येते. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन यांच्यात सुमारे ३,००० किलोमीटर अंतर आहे, म्हणजे दोन्हीकडे लहर पोचण्यात जास्तीत जास्त एक शतांश सेकंदाचा फरक पडतो. या फरकावरून ती कुठून आली याचा अंदाज लागतो, पण दोनच उपकरणे असली तर आकाशातला एक लांबलचक पट्टा हाती येतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली तेव्हा इटलीतले ‘व्हर्गो’ही चालू होते. शोधाचा भाग सुमारे ३० चौरस अंशांवर आला, आणि काही तासांतच दुर्बिणींनी ते ठिकाण एका दीर्घिकेत शोधून काढले. पृथ्वीच्या पाठीवर हिंगोली या सगळ्यांपासून पुष्कळ दूर आहे. म्हणून इथल्या एका नोंदीने दिशा अधिक नेमकी होईल. मैदानावर तीन मुलांना दूरदूर उभे करून, डोळे मिटून, टाळी कुठून वाजली हे सांगायला लावा. दोघांपेक्षा तिघे बरे का, ते कळते.

आणि एक प्रश्न, जो हिंगोलीतल्या मुलांनाच सुचेल. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. मग इतके नाजूक यंत्र इथे का? जमिनीचा सततचा, रोजचा हादरा इथे कमी आहे, आणि यंत्राला त्याचाच त्रास जास्त. अधूनमधून येणाऱ्या धक्क्याने निरीक्षण काही वेळ थांबते, मग पुन्हा सुरू होते. अमेरिकेतल्या उपकरणांनाही दूरच्या भूकंपांमुळे असे थांबावे लागते. हे उत्तर मुलांना पटते की नाही ते त्यांना ठरवू द्यावे.

शेवटचा मुद्दा विज्ञानाचा नाही, पण तक्त्याशेजारीच टांगलेला असतो : राष्ट्रीय दिवसांची यादी. ‘१५ ऑगस्ट १९४७ – आपण स्वतंत्र झालो’. गोरेगावच्या बाबतीत हे खरे नाही. हा सारा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता. इथे स्वातंत्र्य आले ते १७ सप्टेंबर १९४८ ला, तेरा महिन्यांनी. यादीत हा दिवस असतोही, पण बहुधा तळाला, आणि या तेरा महिन्यांत गावात काय चालले होते हे त्यावरून कळत नाही. ते दिवस पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. नव्या वर्षाचा पहिला प्रकल्प म्हणून नववीच्या मुलांनी त्यांच्याकडे जावे, ऐकलेले लिहून काढावे, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी, आणि ती वही शाळेच्या कपाटात ठेवावी. हळदीच्या प्रकरणात लिहून ठेवलेलेच उपयोगी पडले होते.