लग्नाच्या फोटोत कोण दिसतं?

मघाशी दारातच एका गृहस्थांनी मला विचारलं, "समीक्षा पुस्तकाची असते, नाटकाची असते. लग्नाच्या फोटोंची कसली समीक्षा?" मी म्हटलं, पुस्तक घरोघरी असेलच असं नाही, लग्नाचा अल्बम मात्र असतो. मग त्याच्याकडे नीट बघायला काय हरकत आहे?

सुरुवात एका प्रसिद्ध लग्नापासून करतो. ११ डिसेंबर २०१७, इटलीतला टस्कनी प्रांत. अनुष्का शर्मा आणि विराट कोहलीचं लग्न. फोटो त्याच रात्री सगळ्यांच्या मोबाइलवर आले. नवरीचा लेहेंगा सब्यसाची मुखर्जींचा, फिका गुलाबी. उत्तरेकडची नवरी म्हणजे लाल, हे आपलं ठरलेलं गणित. ते त्या फोटोंनी मोडलं, आणि पुढची काही वर्षं फिक्या रंगांची लाटच आली. आपल्याकडे मुहूर्ताला पिवळी अष्टपुत्री आणि नंतर शालू नेसणाऱ्या मुलीही रिसेप्शनला तो गुलाबी रंग मागू लागल्या.

आता, ते फोटो वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. चांगलेच आहेत. मऊ उजेड आणि त्यात विरघळणारा तो रंग. कपडा आणि कॅमेरा एकमेकांसाठीच केल्यासारखे वाटतात. सब्यसाचींचं मोठं काम असं की हातमाग आणि हाताचं भरतकाम त्यांनी पुन्हा श्रीमंतांच्या लग्नात मानाने आणून बसवलं. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

माझी तक्रार वेगळी आहे. त्या लेहेंग्यावर ६७ कारागिरांनी ३२ दिवस काम केलं, असं तेव्हा जाहीर झालं होतं. आकडा कळला, पण त्या ६७ जणांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला आठवतं का? आठवणार कसं, कुणी सांगितलंच नाही. कारागीर तिथे आकडा म्हणून आले. कपडा किती भारी आहे, हे सांगण्यापुरते.

पुढच्याच वर्षी, १४ नोव्हेंबर २०१८ला, लेक कोमोच्या काठी दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचं कोंकणी पद्धतीने लग्न झालं. दीपिकाच्या कांजीवरम साडीचं श्रेय आधी सब्यसाचींना गेलं. मग त्यांच्याकडूनच खुलासा आला, की ती साडी दीपिकाच्या आईने दिलेली, बंगळुरूच्या दुकानातून घेतलेली. खुलासा केला हे चांगलंच झालं. पण बघा, श्रेय डिझायनरकडून निघालं आणि दुकानापाशी येऊन थांबलं. विणकरापर्यंत काही गेलं नाही.

आता हीच गोष्ट कॅमेऱ्यात कशी होते, ते सांगतो.

आमच्या घरी १९७०च्या सुमाराचा एक अल्बम आहे. काळी पानं, मध्ये जाळीचा पातळ कागद. १२०च्या रोलवर चौकोनी फोटो बाराच निघायचे. त्यामुळे फोटोग्राफर हिशेबाने वागायचा. नवरीकडचे, नवऱ्याकडचे, मामा-मामी, विहीणबाई. सगळ्यांना ओळीत उभं करायचा, फ्लॅश उडवायचा, आणि भिंग असं लावायचा की पुढच्या पोरापासून मागच्या काकांपर्यंत सगळे स्पष्ट यावेत. फोटो ताठ यायचे, कुणाचे डोळे मिटलेले असायचे. पण माणसं सगळी दिसायची. माझी एक आत्या त्यातल्याच एका फोटोत कडेला उभी आहे, अर्धा पदर चौकटीबाहेर. आत्या जाऊन आता खूप वर्षं झाली. तिचा आमच्याकडे तेवढा एकच फोटो आहे.

माझ्या पुतणीच्या लग्नात हजारो फोटो निघाले. आजचा फोटोग्राफर मोठ्या छिद्राचं भिंग वापरतो. त्याने नवरीचा चेहरा धारदार येतो आणि मागचं सगळं धूसर होतं. दिसायला सुरेख! पण लग्नानंतर दोन वर्षांनी आमची आई गेली. तेव्हा तिचा फोटो शोधायला आम्ही तो सगळा ढीग उपसला. आई सापडली, बांगड्यांच्या फोटोत. हिरवा चुडा अगदी लख्ख, आणि त्याच्यामागे जांभळ्या लुगड्याचा एक डाग. ती आमची आई.

यात फोटोग्राफरची चूक नाही. त्याच्याकडून आपण मासिकातल्यासारखे फोटो मागितले, त्याने तसे दिले. फॅशनच्या फोटोत एकच माणूस महत्त्वाचा असतो, बाकी सगळी पार्श्वभूमी. तिथे ते योग्यच आहे, कारण तिथे कपडा विकायचा असतो. लग्नात काय विकायचं असतं? लग्न म्हणजे दोन घरं समोरासमोर येणं. अंतरपाट धरणारे दोघे, नवरीच्या मागे उभा मामा, करवली, ही काही पार्श्वभूमी नव्हे. हल्ली 'सावधान' झालं की अक्षता आधी कॅमेरेवाल्यांच्या पाठीवर पडतात (हशा), आणि "गुरुजी, हार परत एकदा" असं सांगितलं, की गुरुजीही थांबतात. तो क्षण घडला म्हणून त्याचा फोटो, हा क्रम उलटला. आता फोटोसाठी क्षण पुन्हा घडवायचा.

म्हणून लग्नाच्या फोटोला माझी कसोटी साधी आहे. तीस वर्षांनी तो उघडला, तर त्यात कोण कोण ओळखू येईल? या कसोटीवर आमचा तो ताठ, कंटाळवाणा ग्रुप फोटो आजच्या देखण्या फोटोच्या पुढे जातो.

डिझायनर लेहेंगा घ्या, सुंदर फोटोही काढा, माझी ना नाही. फक्त फोटोग्राफरला एक अर्धा तास आधीच सांगून ठेवा, सगळ्यांना ओळीत उभं करायला. आणि साडी कुणी विणली हे कळलं, तर तेही नाव फोटोमागे लिहून ठेवा.