इंग्रजीतील विशेषणापूर्वीचे क्रियाविशेषण : मात्रा की साक्ष?

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत 'ॲडव्हर्ब'ची व्याख्या ठरलेली असते : क्रियापदाविषयी, विशेषणाविषयी किंवा दुसऱ्या ॲडव्हर्बविषयी अधिक माहिती सांगणारा शब्द. यांतील पहिल्या कार्याला पुस्तकात अनेक पाने मिळतात, दुसऱ्याची मात्र 'व्हेरी' या एका उदाहरणावर बोळवण होते. आपली 'क्रियाविशेषण' ही संज्ञा तर या दुसऱ्या कार्यावर पडदाच टाकते, कारण 'व्हेरी कोल्ड' या पदबंधात क्रिया कोठेच नाही. रोजच्या लेखी इंग्रजीत, म्हणजे पत्रे, बातम्या, अहवाल, वेष्टनांवरील सूचना यांत, विशेषणापूर्वी येणारा हा लहानसा शब्द नेमके काय करतो, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या शब्दांचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. स्टोफेल यांनी १९०१ मध्ये त्यांची उत्कर्षक आणि सौम्यक अशी विभागणी केली. ड्वाइट बोलिंजर यांचे 'डिग्री वर्ड्‌स' १९७२ चे. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५ च्या बृहद्‌व्याकरणाने या शब्दांची तपशीलवार उतरंड लावून दिली. या साऱ्या मांडणीमागे एक पट्टी गृहीत धरलेली आहे. विशेषण हा त्या पट्टीवरील एक बिंदू आणि क्रियाविशेषण त्याला वर किंवा खाली सरकवणारा हात. ही कल्पना सोयीची आहे, पण अपुरी आहे असे मला वाटते.

'क्वाइट' या शब्दाकडे पाहू. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे पूर्णपणे अशक्य. 'इम्पॉसिबल' या विशेषणाला पायऱ्या नाहीत, त्यामुळे तेथे 'क्वाइट' अर्थ पुरा करतो. 'क्वाइट गुड' मात्र ब्रिटिश लेखणीतून आले तर बहुधा 'ठीकठाक', आणि अमेरिकन लेखणीतून आले तर 'चांगलेच'. शिफारसपत्रातील या दोन शब्दांवर एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश अडू शकतो आणि व्याकरणाची पट्टी तेथे काहीच सांगू शकत नाही. हात कोणत्या दिशेला सरकला हे लिहिणारा कोण यावर ठरते.

याचे मूळ या शब्दांच्या इतिहासात सापडते. 'व्हेरी' हा मुळात मात्रावाचक शब्द नव्हेच. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचे नाते लॅटिनमधील 'व्हेरुस' म्हणजे 'सत्य' या शब्दाशी आहे. चौदाव्या शतकात चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये तो 'खरा' या अर्थाने भेटतो. 'द व्हेरी मॅन' यासारख्या प्रयोगात तो अर्थ आजही जिवंत आहे. 'हे थंड आहे, खरेच सांगतो' ही लेखकाची ग्वाही झिजत झिजत 'हे फार थंड आहे' अशी मात्रा झाली. पुढे ही मात्राही फिकी पडली तेव्हा इंग्रजीने पुन्हा सत्यवाचक शब्दच पुढे आणले : 'ट्रूली', 'रिअली'. रिका इतो आणि साली टॅग्लियामॉन्टे यांनी २००३ मध्ये यॉर्क शहरातील बोलीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ज्येष्ठांच्या तोंडी 'व्हेरी' आणि तरुणांच्या तोंडी 'रिअली' असा पिढ्यांचा फरक स्पष्ट दिसतो. म्हणजे ज्याला आपण मात्रा म्हणतो ती मुळात साक्ष आहे, आणि साक्ष वारंवार दिली की तिचे वजन घटते. 'टेरिबली' आणि 'ऑफुली' हे भयवाचक शब्दही याच वाटेने गेले. 'भयंकर आवडले' म्हणणारी आपली तरुण मंडळी त्याच वाटेवर आहेत. मराठीतील 'खरोखर सुंदर' मात्र अजून ग्वाहीच देते, 'फार सुंदर'ची जागा त्याने घेतलेली नाही.

न झिजणारे उत्कर्षकही असतात. 'पिच डार्क', 'स्टोन कोल्ड' यांतील पहिला शब्द मोजक्याच विशेषणांशी बांधलेला आहे. आपल्याकडचे काळाकुट्ट, हिरवागार, पिवळाधमक हे याच जातीचे. बांधलेला शब्द सर्वत्र खर्ची पडत नाही, म्हणून त्याची धार राहते. जो कोठेही चालतो तोच लवकर बोथट होतो.

सोबतीचाही प्रश्न आहे. बिल लाऊ यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की 'अटर्ली' हा शब्द बहुतेक वेळा प्रतिकूल शब्दांच्या संगतीत आढळतो. त्याच्यामागून निरुपयोगी, हास्यास्पद असे काहीतरी येणार, ही वाचकाची सवय झालेली असते. अमूलच्या जाहिरातीतील 'अटर्ली बटर्ली डिलिशस' ही ओळ भारतीय वाचक कित्येक दशके फलकांवर वाचत आले आहेत. तिची गंमत केवळ यमकात नाही. वाईट संगतीतला शब्द लोण्याच्या संगतीत आणून बसवल्याची ती गंमत आहे.

लेखनशैलीचे मार्गदर्शक या शब्दांवर सरसकट बंदी घालतात. स्ट्रंक यांच्या पुस्तिकेला ई. बी. व्हाइट यांनी १९५९ मध्ये जोडलेल्या प्रकरणात 'व्हेरी', 'रादर', 'प्रिटी' टाळण्याचा सल्ला आहे. ललित गद्यापुरता तो मान्य करता येईल. परंतु शब्द झिजला म्हणून तो निरर्थक ठरत नाही, आणि जेथे या शब्दावर जीवित अवलंबून असते तेथे तो गाळून चालत नाही.

रासायनिक द्रवांच्या पिंपांवरील इशारे पाहावेत. संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणपद्धतीत 'एक्स्ट्रीमली फ्लेमेबल' आणि 'हायली फ्लेमेबल' यांतील भेद कोणाच्या शैलीवर सोडलेला नाही. दोहोंची वाफ २३ अंश सेल्सिअसच्या आतच ठिणगीने पेटू शकते, पण पहिल्या वर्गातील द्रव ३५ अंशांवर किंवा त्याआधीच उकळू लागतो. २३ ते ६० अंशांच्या टप्प्यात पेटणाऱ्या द्रवाला नुसते 'फ्लेमेबल' म्हणतात, क्रियाविशेषण नाही. येथे साक्षीची जागा तापमापकाने घेतली आहे.

असाच, पण अधिक धाडसी प्रयोग आयपीसीसी या हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने केला. त्यांच्या परिभाषेत 'लाइक्ली' म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक शक्यता, 'व्हेरी लाइक्ली' म्हणजे ९० हून अधिक आणि 'एक्स्ट्रीमली लाइक्ली' म्हणजे ९५ हून अधिक. विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या तापमानवाढीचे मुख्य कारण मानवी आहे, या विधानापूर्वी २००१ च्या अहवालात 'लाइक्ली' होते, २००७ मध्ये 'व्हेरी लाइक्ली' झाले, २०१३ मध्ये 'एक्स्ट्रीमली लाइक्ली'. बारा वर्षांतील विज्ञानाची वाटचाल एका विशेषणापूर्वीच्या शब्दात वाचता येते.

वाचकांनी मात्र ती तशी वाचली नाही. डेव्हिड बुडेस्कू आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २००७ च्या अहवालातील वाक्ये वाचकांपुढे ठेवली. 'व्हेरी लाइक्ली'चा अर्थ अनेकांनी ९० पेक्षा बराच खाली लावला. आकड्यांची सूची हाताशी असूनही वाचकाने आपल्या रोजच्या भाषेतला झिजलेला 'व्हेरी'च वाचला. शब्दाबरोबर आकडाही छापावा, ही संशोधकांची शिफारस म्हणूनच पटते. व्याख्या करून शब्दाचे नवे वजन ठरवता येते, पण शतकांची झीज भरून येत नाही.

२०२१ च्या अहवालाने वेगळी वाट धरली. मानवी प्रभावाने वातावरण, महासागर आणि भूमी तापली आहे, हे 'अनइक्विव्होकल' म्हणजे निःसंदिग्ध आहे, असे त्यात म्हटले आहे. त्या विशेषणापूर्वी क्रियाविशेषण नाही. 'व्हेरी' आणि 'एक्स्ट्रीमली' या दोन्ही टप्प्यांसाठी मराठी अनुवादकाच्या हाताशी 'दाट शक्यता' हा एकच रुळलेला प्रयोग येतो. 'अतिदाट' लिहिले तर ते धुक्याचे वर्णन वाटेल. त्यामुळे ते दोन अहवाल मराठीत शेजारी ठेवले तर सहा वर्षांत काहीच घडले नाही असे दिसण्याचा धोका आहे, आणि तो टाळायचा तर अनुवादकाला कंसात टक्केवारीच लिहावी लागेल.